डॅशबोर्डवरील पिवळा दिवा आणि समोरच्याचे डोळे

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की अहिल्यानगर जिल्ह्यातील रस्त्यांचे रात्रीचे रूप पालटते. राहुरी, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे अशा कोणत्याही दिशेला निघा. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाने लादलेल्या बैलगाड्या कारखान्यांकडे संथपणे सरकत असतात. त्यांच्या बाजूने मोटारसायकलवर घरी परतणारी माणसे असतात आणि कडेने पायी चालणारे तोडणी मजूरही असतात. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा असेलच असे नाही आणि बैलगाडीला तर बहुधा नसतोच. अशा रस्त्यावर समोरून एक मोटार येते. तिचे दिवे डिपरवर असतात, तरीही डोळे दिपतात. दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही आणि नेमक्या त्याच दोन-तीन सेकंदांत पुढची ट्रॉली जवळ आलेली असते.

आपण मनातल्या मनात त्या चालकाला दूषणे देतो. परंतु त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने काहीच चूक केलेली नसते. त्याने दिवे अपरवरून डिपरवर घेतलेले असतात. त्याच्या डॅशबोर्डवर मात्र कित्येक दिवसांपासून एक लहानसा पिवळा दिवा लागलेला असतो. गाडी धावते आहे, ब्रेक लागत आहेत, हेडलाइटही लागत आहेत. मग या दिव्याकडे पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी पाहू, असे त्याने ठरविलेले असते. हेडलाइटची पातळी राखणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाल्याचे सांगणारा तो दिवा असतो. हा बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. तो शोधण्याची रीत ठाऊक नसली, तर मात्र खिशाला खड्डा पडतो. आणि तो तसाच राहू दिला, तर त्याची किंमत समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला मोजावी लागते.

चिन्ह काय सांगते?

डॅशबोर्डवरील दिव्यांच्या रंगांना अर्थ असतो. लाल म्हणजे तातडीने थांबा, पिवळा म्हणजे लवकर तपासून घ्या, हिरवा म्हणजे अमुक यंत्रणा चालू आहे आणि निळा म्हणजे हेडलाइट अपरवर आहेत. पातळीच्या बिघाडाचे चिन्ह पिवळे असते. त्यात हेडलाइटची आकृती आणि तिच्याजवळ वर-खाली दाखविणारा बाण किंवा उद्गारचिन्ह असते. काही गाड्यांत चिन्हाऐवजी पडद्यावर इंग्रजी संदेश उमटतो, तर वळणावर दिवे वळविणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांत त्या यंत्रणेच्या नावाची अक्षरे लुकलुकतात. बल्ब गेल्याचे चिन्ह याहून वेगळे असते. दोहोंत गल्लत झाली, की धडधाकट बल्ब बदलले जातात आणि पिवळा दिवा तसाच राहतो. म्हणून पहिले काम म्हणजे गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडून चिन्ह पडताळणे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. अनेक गाड्यांत स्टीअरिंगजवळ ० ते ३ असे आकडे असलेली लहान चकती असते. ती फिरवून चालकाने स्वतः दिव्यांचा झोत खाली आणावयाचा असतो. अशा हाताने चालणाऱ्या यंत्रणेला सहसा इशारा देणारा दिवा नसतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागत असेल, तर आपल्या गाडीत हे काम आपोआप करणारी यंत्रणा आहे, असे समजण्यास हरकत नाही.

चार सेंटिमीटरचा हिशेब

झोत थोडा वर-खाली झाला, तर एवढे काय बिघडते? त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. डिपरचा झोत सपाट नसतो. तो किंचित खाली कललेला असतो. हा कल सामान्यतः १ टक्क्याच्या आसपास ठेवतात. १ टक्का म्हणजे १० मीटर अंतरावर झोताची वरची कडा १० सेंटिमीटर खाली येणे. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल, तर ही कडा ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून झोताची डावी बाजू थोडी वर उचललेली असते आणि कडेचे चालणारे लोक त्यापलीकडेही दिसतात. उजव्या बाजूला, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, मात्र ती कडा खालीच राहिली पाहिजे.

आता गाडीत मागे तिघे बसले आणि डिकीत कांद्याच्या दोन गोण्या टाकल्या, असे समजा. गाडीचा मागचा भाग पुढच्या भागापेक्षा ४ सेंटिमीटर अधिक बसला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २.६ मीटर धरले, तर गाडीचे नाक सुमारे दीड टक्क्याने वर उचलले जाते. म्हणजे १ टक्का खाली असलेला झोत आता अर्धा टक्का वर जातो. तो रस्त्याला कधीच टेकत नाही. १०० मीटर अंतरावर त्याची कडा ११५ सेंटिमीटर उंचीवर पोहोचते. लहान मोटारीच्या चालकाचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात.

उलट बिघाडामुळे झोत दीड टक्क्याने आणखी खाली गेला, तर कडा ६५ ऐवजी २६ मीटरवरच टेकते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही ती आणखी सुमारे २० मीटर घेते. थांबावयास ४५ मीटर हवेत आणि उजेड २६ मीटरच आहे! दिवे नसलेली ट्रॉली पुढे असेल, तर ती दिसण्याच्या क्षणी काही करण्याची वेळ टळून गेलेली असते. झोत वर गेला तर समोरच्याला धोका आणि खाली गेला तर स्वतःला. फरक अवघ्या चार सेंटिमीटरचा.

ओझ्याप्रमाणे झोत बदलावा लागतो, हे वाहन उद्योगाला फार पूर्वीच उमगले होते. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने शेतकऱ्यांचा विचार करून बनविलेली ‘२ सीव्ही’ ही स्वस्त मोटार १९४८ साली लोकांसमोर आली. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे बाजारात नेता यावेत, ही तिच्यामागील कल्पना. त्या साध्यासुध्या गाडीतही चालकाला आतून हेडलाइटचा कल बदलता येत असे. पुढे १९९१ मध्ये झेनॉन दिवे मोटारींत आले. त्यांचा उजेड इतका प्रखर होता, की पातळी राखण्याचे काम चालकाच्या आठवणीवर सोडणे शक्य नव्हते. युरोपातील नियमांनी अशा प्रखर दिव्यांसोबत स्वयंचलित यंत्रणा सक्तीची केली. हीच यंत्रणा आज एलईडी दिव्यांच्या अनेक गाड्यांत आढळते.

यंत्रणा चालते कशी?

या यंत्रणेचे तीन भाग असतात. पहिला भाग सेन्सर. तो गाडीच्या सांगाड्यावर, चाकाजवळ बसविलेला असतो आणि एका लहान दांडीने सस्पेन्शनच्या हाताशी जोडलेला असतो. गाडी बसली, की दांडी ढकलली जाते आणि सेन्सरची मान फिरते. काही गाड्यांत असा सेन्सर केवळ मागे असतो, काहींत पुढे आणि मागे दोन्हीकडे. दुसरा भाग नियंत्रक. सेन्सरकडून आलेल्या विद्युत संकेतावरून गाडी किती कलली आहे याचा तो हिशेब करतो. तिसरा भाग म्हणजे प्रत्येक हेडलाइटच्या आतील छोटी मोटर. ती नियंत्रकाच्या आज्ञेनुसार झोत वर-खाली करते.

यांपैकी कोठेही खंड पडला, की नियंत्रक डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो. बहुतेक गाड्यांत तो त्याच वेळी झोत ठरावीक खालच्या पातळीवर नेऊन ठेवतो. समोरच्याला त्रास होण्यापेक्षा आपल्याला कमी दिसलेले बरे, असा त्यामागचा विचार असतो. पिवळा दिवा लागल्यावर ‘उजेड कमी झाला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ येथे आहे. परंतु मोटरच अडकून बसली असेल, तर झोत ज्या जागी होता तेथेच राहतो. दांडी वाकली असेल, तर सेन्सर खोटेच सांगत राहतो आणि नियंत्रक त्या खोट्यावर विश्वास ठेवून झोत वर उचलतो. म्हणून दिवा लागला असताना आपला झोत कोठे आहे, हे स्वतः पाहिल्याखेरीज गृहीत धरू नये.

बिघाड कोठे होतो?

या यंत्रणेतील सर्वांत उघडी वस्तू म्हणजे सेन्सर आणि त्याची दांडी. चाकाजवळ असल्यामुळे खड्ड्यांचे धक्के, उडालेले खडे, पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यातील धूळ असे सारे काही तिला सोसावे लागते. दांडीच्या दोन्ही टोकांना छोटे गोल सांधे असतात. चिखल वाळून ते जखडतात आणि एखाद्या खड्ड्यात दांडी मोडते किंवा सांध्यातून निसटते. नगर-मनमाड रस्त्याने नित्य ये-जा करणाऱ्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको.

दुसरे ठिकाण म्हणजे वायरी आणि कनेक्टर. गाडी धुताना दाबाने मारलेले पाणी कनेक्टरमध्ये शिरते आणि पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. दिवा पावसात किंवा धुलाईनंतर लागतो आणि ऊन पडले की विझतो, असे होत असेल, तर पहिला संशय येथे घ्यावा. शेतवस्तीवर, कांदाचाळीच्या आडोशाला गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी वायर कुरतडल्याचीही शक्यता असते.

तिसरे कारण मनुष्यनिर्मित असते. शॉकअप किंवा स्प्रिंग बदलताना सेन्सरची दांडी सोडावी लागते. ती परत जोडावयाची राहून जाते किंवा उलटी बसते. गाडी उंच करण्यासाठी स्प्रिंगखाली रबर अथवा ठोकळे घातले, तर सेन्सरला गाडीची मूळ उंचीच सापडत नाही. सस्पेन्शनचे काम केल्यावर लगेच दिवा लागला असेल, तर कारण दूर शोधण्याची गरज नाही.

चौथे कारण बॅटरी. बॅटरी दुबळी झाली, की गाडी चालू करताना विजेचा दाब खाली जातो आणि निरनिराळे नियंत्रक खोटे इशारे देऊ लागतात. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. हेडलाइटच्या आतील मोटर निकामी होणे हे पाचवे कारण. दिव्याच्या काचेआड पाणी साचले असेल, तर ही शक्यता वाढते. काचेवर येणारी पातळ वाफ दिवे लावल्यावर विरून जाते, तिची चिंता नसावी. तळाशी साचलेले पाणी मात्र दुर्लक्षिण्याजोगे नाही. नियंत्रकच बिघडणे हे या यादीत शेवटी येते. अनेकदा दुरुस्तीची सुरुवात मात्र त्याच्यापासूनच सुचविली जाते.

तपासणीचा क्रम

तपासणी स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरू करावी. आधी शेजारचे दिवे पाहावेत. एबीएसचा दिवाही लागला असेल, तर प्रथम तो बिघाड काढावा. कारण गाडीचा वेग हेडलाइटच्या यंत्रणेला बहुधा तिकडूनच कळतो. वळणावर दिवे वळविणाऱ्या गाड्यांत स्टीअरिंगच्या कोनाची माहितीही लागते. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर ही माहिती पुसली जाऊ शकते. अनेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे फिरविल्यास ती परत मिळते.

त्यानंतर भिंतीची चाचणी. सपाट जागा आणि समोर फिकट रंगाची भिंत असे ठिकाण संध्याकाळनंतर गाठावे. चारही टायरांतील हवा योग्य असावी, डिकी रिकामी असावी आणि चालकाच्या जागी कोणीतरी बसलेले असावे. गाडी भिंतीला टेकवून दोन्ही हेडलाइटच्या मध्यांच्या खुणा खडूने भिंतीवर कराव्यात. मग गाडी सरळ ५ मीटर मागे घ्यावी आणि डिपर लावावा. १ टक्का कल असेल, तर झोताची वरची कडा खडूच्या खुणेच्या सुमारे ५ सेंटिमीटर खाली दिसेल. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. अनेकदा तो हेडलाइटजवळच्या पट्टीवर टक्क्यांत छापलेला असतो. दोन्ही कडा समान उंचीवर आहेत ना, हेही पाहावे.

आता दिवे बंद करून पुन्हा लावावेत आणि भिंतीकडे लक्ष द्यावे. स्वयंचलित यंत्रणा असलेल्या बहुतेक गाड्यांत दिवे लागताच झोत एकदा खाली जाऊन वर येतो. मोटर आपली जागा तपासून पाहते, ती ही हालचाल. या एका निरीक्षणातून बरेच काही कळते. एक झोत हलला आणि दुसरा स्थिर राहिला, तर दोष स्थिर राहिलेल्या बाजूच्या मोटरमध्ये किंवा तिच्या कनेक्टरमध्ये असण्याचा संभव अधिक. दोन्ही हलले नाहीत, तर दोष दोहोंना समाईक असलेल्या फ्यूज, सेन्सर किंवा नियंत्रकात असावा. दोन्ही हलले, पण चुकीच्या उंचीवर थांबले, तर सेन्सर अथवा त्याची दांडी तपासावी.

पुढची पायरी म्हणजे ओझ्याची चाचणी. दोघातिघांना मागे बसवावे आणि भिंतीवर काय होते ते पाहावे. यंत्रणा ठीक असेल, तर झोत आधी वर जाऊन थोड्या वेळाने पूर्वीच्या रेषेवर परत येतो. काही गाड्यांत त्यासाठी काही सेकंद लागतात, तर काहींत गाडी थोडी चालवावी लागते. चकतीच्या गाड्यांत हीच चाचणी चकती ० वरून ३ पर्यंत फिरवून करता येते. दोन्ही झोत सारखेच खाली उतरले पाहिजेत.

मग फ्यूज पाहावा. तो जळलेला असेल, तर त्याच क्षमतेचा नवा घालावा. अधिक क्षमतेचा कदापि घालू नये. नवा फ्यूजही लगेच जळला, तर वायर कोठेतरी सांगाड्याला लागत आहे असे समजून काम जाणकाराकडे सोपवावे. शेवटी चाकामागे टॉर्चचा उजेड टाकून दांडी जागेवर आहे का, वाकली आहे का आणि कनेक्टर घट्ट बसला आहे का, ते पाहावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नये. हे काम गॅरेजमधील रॅम्पवर पाच मिनिटांत होते.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

एवढे करूनही कारण सापडले नाही, तर स्कॅनर लावावा लागतो. येथे एक फसगत होते. मोबाइलला जोडता येणारे स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाच्या नियंत्रकाशीच बोलतात. हेडलाइटचा बिघाड वेगळ्या नियंत्रकात नोंदलेला असतो. त्यामुळे पिवळा दिवा समोर दिसत असतानाही असा स्कॅनर ‘बिघाड नाही’ असे सांगतो. गाडीतील सर्व नियंत्रक वाचू शकणारा स्कॅनर लागतो. तो अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये असतो आणि तालुक्याच्या गावांतील अनेक ऑटो इलेक्ट्रिशियनकडेही आता आढळतो.

स्कॅनरवर बिघाडाचा क्रमांक दिसला, एवढ्याने निदान पूर्ण होत नाही. ‘मागच्या सेन्सरचा संकेत चुकीचा’ असा निरोप आला, तर सेन्सर बिघडलेला असेल, दांडी मोडलेली असेल किंवा वायर तुटलेली असेल. तिन्ही प्रसंगी निरोप सारखाच. म्हणून मेकॅनिकला दोन गोष्टी करावयास सांगाव्यात. पहिली, स्कॅनरवर सेन्सरचा चालू आकडा पाहत डिकी हाताने दाबावी. आकडा सावकाश आणि सलग बदलला, तर सेन्सर शाबूत आहे. तो जागचा हलला नाही किंवा उड्या मारू लागला, तर दोष सेन्सर, दांडी अथवा वायर यांत आहे. दुसरी, सेन्सरच्या कनेक्टरवर मीटर लावावा. या सेन्सरला सामान्यतः तीन मुख्य वायरी असतात. एकीवर सुमारे ५ व्होल्ट, दुसरी अर्थ आणि तिसरी संकेताची. ५ व्होल्टच येत नसतील, तर नवा सेन्सर घालून उपयोग होणार नाही.

या तपासण्यांना फार वेळ लागत नाही. त्या न करता संपूर्ण हेडलाइट बदलावयास सांगितले गेले, तर कारण विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. दांडी आणि सेन्सर यांची किंमत संपूर्ण एलईडी हेडलाइटच्या किमतीच्या मानाने अगदी थोडी असते. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि बिघाडाचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा.

दुरुस्तीनंतरची एक पायरी हमखास विसरली जाते. नवा सेन्सर, नवा नियंत्रक किंवा नवे सस्पेन्शन घातल्यावर गाडीची मूळ उंची कोणती, हे स्कॅनरद्वारे यंत्रणेला पुन्हा शिकवावे लागते. ते केले नाही, तर भाग नवा असूनही दिवा विझत नाही आणि ‘नवा सेन्सरही खराब निघाला’ असा गैरसमज होतो. उंची शिकविल्यानंतर झोत मोजण्याच्या यंत्रावर हेडलाइट सेट करून घ्यावेत. क्रम याच प्रकारे असावा, उलटा नव्हे.

जे करू नये ते

झोत खाली गेला म्हणून हेडलाइटमागचा स्क्रू फिरवून तो वर घेणे, हा सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक उपाय होय. यंत्रणेने बिघाडामुळे झोत मुद्दाम खाली आणलेला असतो. स्क्रू फिरविल्याने उजेड तात्पुरता लांब जातो. परंतु पुढे दांडी जोडली जाऊन यंत्रणा पूर्ववत झाली, की तीच गाडी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश फेकू लागते.

दुसरा उपाय म्हणजे बाजारातील प्रखर एलईडी बल्ब मूळच्या हॅलोजन बल्बच्या जागी बसविणे. हॅलोजनसाठी घडविलेला परावर्तक त्या बल्बचा प्रकाश नेमक्या जागी टाकू शकत नाही. झोताची स्पष्ट कडाच नाहीशी होते आणि पातळी कितीही बरोबर असली, तरी प्रकाश वर उधळतो. शिवाय असे बल्ब वीज कमी घेतात, म्हणून काही गाड्यांत बल्ब गेल्याचा खोटा इशाराही येतो. बॅटरीची तार काढून दिवा विझविणे किंवा स्कॅनरवर नोंद पुसून गाडी परत देणे, हीदेखील दुरुस्ती नव्हे. कारण कायम असेल, तर दिवा परत लागतोच.

नियम आणि जबाबदारी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ वा नियम याच विषयाचा आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला असलेल्या आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला दिपवू शकणार नाही, अशा रीतीने झोत खाली वळविलेला असला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. दिवा नुसता बसविताना नव्हे, तर वापरतानाही तसा राखला पाहिजे, असे तो नियम सांगतो. एके काळी हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासत किंवा मध्यावर काळा ठिपका काढीत, हे जुन्या चालकांना आठवत असेल. साधन ओबडधोबड होते, पण हेतू हाच होता.

या नियमाशी आपल्या जिल्ह्याचे जवळचे नाते आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली व्हीआरडीई, नगर शहरालगत वाहननगर येथे आहे. नव्या वाहनांची नियमानुसार चाचणी घेण्याचा अधिकार ज्या संस्थांना १२६ व्या नियमाने दिला आहे, त्यांत तिचा समावेश आहे. नव्या प्रकारची गाडी बाजारात येण्यापूर्वी तिचे दिवे, त्यांचा कल आणि त्यांची जागा यांची काटेकोर परीक्षा अशाच संस्थांत होते.

परंतु ही परीक्षा नव्या गाडीची असते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी ग्राह्य असते आणि त्या मुदतीत तिचा झोत मोजण्यासाठी तिला सहसा कोणी बोलावीत नाही. प्रवासी आणि मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्रासाठी ठरावीक काळाने हजर व्हावे लागते. खासगी मोटारीला तेही नाही. पीयूसीच्या तपासणीत धूर मोजतात, झोत मोजीत नाहीत. एमएच-१६ असो वा एमएच-१७, त्या पंधरा वर्षांत झोताकडे लक्ष ठेवणारा पहारेकरी एकच, तो म्हणजे डॅशबोर्डवरील पिवळा दिवा. त्याचे ऐकावयाचे की नाही, हे मालकावर सोपविलेले आहे.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावीच लागली, तर काही पथ्ये पाळावीत. शक्यतो दिवसा प्रवास करावा. डिकीत ओझे टाकू नये. रात्री निघणे भाग असेल, तर भिंतीची चाचणी करून झोत वर गेला नाही, याची खात्री करावी आणि जेवढा उजेड आहे तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. करंजी, इमामपूर किंवा चंदनापुरी घाटात रस्त्याच्या चढ-उतारामुळे चांगल्या गाडीचाही झोत क्षणभर समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. बिघडलेल्या गाडीने तर तेथे अधिकच जपावे.

आपल्या हेडलाइटचा झोत समोरच्याला कसा दिसतो, हे चालकाला स्वतःच्या आसनावरून कधीच कळत नाही. त्याला आपला रस्ता उजळलेला दिसतो आणि तो समाधानी असतो. म्हणून समोरच्या गाडीने वारंवार अपर-डिपर करून खुणावले, तर रागावण्याऐवजी घरी आल्यावर खडू घेऊन भिंतीसमोर उभे राहावे. या कामाला खर्च नाही आणि वेळ लागतो तो पंधरा मिनिटांचा. उसाच्या ट्रॉलीमागून मोटारसायकलवर येणाऱ्या एखाद्याचे सुखरूप घरी पोहोचणे त्या पंधरा मिनिटांवर अवलंबून असू शकते.